अंकुर आणि आगकाडी : दादासाहेब फाळके यांचे एक विस्मृत कार्य

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके हे नाव उच्चारताच ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झालेल्या ‘राजा हरिश्चंद्र’चे स्मरण होते, आणि ते उचितच आहे. परंतु निर्जीव वस्तूंना पडद्यावर हालते-चालते करणाऱ्या सचेतनपटाचे भारतातील आद्य प्रवर्तकही तेच होत, याची जाणीव फार थोड्यांस असते.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या कलावंताच्या घडणीत महाराष्ट्राबाहेरील वास्तव्याचा मोठा वाटा आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला व छायाचित्रण यांचा अभ्यास केला. गोध्र्यास त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. तेथेच प्लेगने त्यांची प्रथम पत्नी आणि अपत्य हिरावून नेले. पुढे ते जादूचे प्रयोगही करू लागले आणि त्यासाठी ‘फाळके’ हे आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ असे नाव त्यांनी धारण केले. चित्रकाराची दृष्टी, छायाचित्रकाराचे तंत्र आणि जादूगाराचा हात यांचा हा संगम होता.

१९१२ मध्ये चित्रपटासाठी भांडवल उभारावयाचे होते. सावकारास केवळ शब्दांनी पटवणे अशक्य, हे जाणून फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखला आणि ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत राहिले. पडद्यावर बीज अंकुरले आणि बघता बघता त्याचा वेल झाला. ‘अंकुराची वाढ’ पाहून भांडवलदारांचा विश्वास बसला. आपल्या चित्रपटसृष्टीचे मूळ, म्हणजे, अशा चौकटी-चौकटीने केलेल्या कामात रुजलेले आहे.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. भांडवल आटले, कच्ची फिल्म मिळेनाशी झाली. अशा विवंचनेत, १९१५ मध्ये, त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. त्यास नट नको, नेपथ्य नको. काडी किंचित सरकवावयाची, एक चौकट टिपावयाची, पुन्हा सरकवावयाची. सेकंदाला १६ चौकटी धरल्या तरी एका मिनिटासाठी ९६० वेळा हा खटाटोप! फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्येच असे प्रयोग केले होते; तथापि आपल्या देशात हे धाडस एकट्याच्या बळावर करणारे फाळकेच.

दुर्दैवाने हा लघुपट आज उपलब्ध नाही, आणि त्याची परंपराही लगेच निर्माण झाली नाही. असे काम वेळखाऊ. त्यात पैसा गुंतवणारे विरळा. फिल्म्स डिव्हिजनने व्यंगपट विभाग सुरू करून डिस्नेच्या चित्रसंस्थेतील क्लेअर वीक्स यांच्याकडून तरुणांस शिक्षण देवविले, ते १९५६ मध्ये. त्या विभागातूनच पुढे आलेले राम मोहन (१९३१–२०१९) हे भारतीय सचेतनपटाचे जनक म्हणून गौरविले गेले. मधली चार दशके बव्हंशी तुरळक प्रयत्नांचीच राहिली.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे दादासाहेबांचे निधन झाले. १९६९ मध्ये त्यांच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला. परंतु पुरस्काराने हरवलेली फिल्म परत येत नाही. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन होईपर्यंत मूकपटांच्या असंख्य प्रती नष्ट झाल्या होत्या. परप्रांतात मराठी संस्कार जपणाऱ्या आपल्यासारख्या मंडळांनी यातून एवढा बोध अवश्य घ्यावा की, जुनी छायाचित्रे, नाट्यप्रयोगांची पत्रके, हस्तलिखिते आजच जतन करावीत. कीर्ती उरते, पण तिचा पुरावा कोणीतरी सांभाळावा लागतो.