लंडनचा हिवाळा कोण उबदार ठेवतो?

पश्चिम युरोपाचा हिवाळा सौम्य का, असा प्रश्न भूगोलात हटकून विचारतात. ‘गल्फ स्ट्रीम या उष्ण प्रवाहामुळे’ असे लिहिले की गुण पदरात पडतात. श्रोतेहो, या उत्तरालाही एक इतिहास आहे.

लंडन साडेएक्कावन्न उत्तर अक्षांशावर वसले आहे. अटलांटिकच्या पैलतीरी त्याच अक्षांशावर कॅनडातील लॅब्राडोरचा किनारा लागतो. जानेवारीत लंडनचे सरासरी तपमान ५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. लॅब्राडोरला ते शून्याखाली १० अंशांच्याही पलीकडे उतरते. अक्षांश एक, मग एवढा फरक का?

१५१३ साली पॉन्स दे लेऑन या स्पॅनिश दर्यावर्दीला फ्लॉरिडाजवळ असा प्रवाह भेटला, की वारा अनुकूल असूनही गलबते मागे रेटली जात. पुढे १७६८ च्या सुमारास बेंजामिन फ्रँकलिनपुढे तक्रार आली: इंग्लंडहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या टपालजहाजांना व्यापारी जहाजांपेक्षा दोन-दोन आठवडे जास्त का लागतात? त्याने टिमथी फोल्जर या आपल्या नात्यातल्या कप्तानाला विचारले. फोल्जर नँटकेट बेटावरचा. देवमासे मारणारे तिथले खलाशी हा प्रवाह ओळखून होते. टपालजहाजे मात्र त्याच्या विरुद्ध झुंजत बसत. फ्रँकलिनने नकाशा छापून दिला, पण कप्तानांनी तो बाजूला ठेवला. कोळ्यांकडून शिकायचे कसे!

१८५५ साली अमेरिकन नौदलातील मोरी याने सागरी भूगोलावर ग्रंथ लिहिला आणि युरोपाच्या उबेचे सारे श्रेय या प्रवाहाला दिले. तेच पाठ्यपुस्तकांत उतरले.

२००२ साली रिचर्ड सीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब पुन्हा मांडला. उन्हात ठेवलेली घागर सांजेलाही कोमट असते, अंगणातली माती मात्र लवकर गार होते. समुद्राचेही तसेच. उन्हाळ्यात साठवलेली ऊब तो हिवाळ्यात सोडतो, आणि पश्चिमेचे वारे ती युरोपात नेतात. लॅब्राडोरवर मात्र जमिनीवरून आलेले गार वारे वाहतात. शिवाय रॉकी पर्वत या वाऱ्यांना वळण देतो: अमेरिकेच्या पूर्वभागात उत्तरेची थंडी, तर युरोपात नैऋत्येची ऊब. दोन किनाऱ्यांतला जवळजवळ निम्मा फरक या पर्वतामुळे पडतो, असे त्यांचे गणित सांगते.

म्हणजे प्रवाह निरुपयोगी, असे नव्हे बरे. नॉर्वेचा उत्तर किनारा बर्फमुक्त राहतो तो त्याच्याच शाखेमुळे. ६९ अक्षांशावरचे मुर्मान्स्क बंदर रशियाने १९१६ साली वसवले, ते तिथे हिवाळ्यातही जहाजे लागतात म्हणूनच.

तेव्हा गुरुजनहो, मुलाने ‘उष्ण प्रवाह’ एवढेच लिहिले, तर त्याला आणखी विचारा: वारा कुठून येतो, आणि वाटेत डोंगर कोणता?