सीमांत तपासणी, संगणकाची

विद्युत् मंडलास पुरविला जाणारा विद्युत् दाब मुद्दाम नेहमीच्या मूल्याच्या वर व खाली नेऊन ते कोणत्या मर्यादेपर्यंत अचूक कार्य करते, हे अजमावण्याच्या पद्धतीस सीमांत तपासणी म्हणतात. नेहमीच्या दाबाला निर्दोष वाटणारा, परंतु क्षीण होत चाललेला घटक निकामी होण्यापूर्वीच ओळखणे, हा तिचा हेतू होय.

अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत जे डब्ल्यू. फॉरेस्टर व आर. आर. एव्हरेट यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या व्हर्लविंड या अंकीय संगणकात ही पद्धत पद्धतशीरपणे वापरण्यात आली. नौदलाच्या वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी योजिलेला हा संगणक १९५१ मध्ये कार्यान्वित झाला व पुढे हवाई संरक्षणाच्या प्रयोगांत वापरला गेला. अशा कार्यात उत्तर तत्क्षणी व बिनचूक मिळणे अत्यावश्यक असते. व्हर्लविंडमध्ये सु. ५,००० निर्वात नलिका होत्या. प्रत्येक नलिकेचे सरासरी आयुष्य ५,००० तास धरले, तरी सरासरीने दर तासाला एक नलिका निकामी होणार, हे उघड होते.

यावर दुहेरी उपाय योजण्यात आला. ऋणाग्राच्या निकेलमधील सिलिकॉनामुळे तेथे रोधक थर साचतो, असे आढळल्याने सिलिकॉनविरहित ऋणाग्रे वापरण्यात आली. शिवाय, चाचणी आज्ञावली चालू ठेवून संगणकाच्या एकेका विभागाचा दाब बदलण्यात येई. चूक घडेपर्यंत दाब किती बदलता येतो, यावरून त्या विभागाची राखीव क्षमता समजे. ती घटत असल्यास दुबळी नलिका शोधून आधीच बदलीत. मात्र अकस्मात होणारा बिघाड या पद्धतीने ओळखता येत नसे.

व्हर्लविंडच्या अनुभवावर आधारलेल्या ‘सेज’ या हवाई संरक्षण यंत्रणेत प्रत्येक केंद्रावर संगणकांची जोडी असे. एक कार्यरत असताना दुसऱ्याची तपासणी करता येई. व्हर्लविंडवर काम केलेले केनेथ ओल्सन यांनी १९५७ मध्ये स्थापन केलेल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या सुरुवातीच्या ट्रँझिस्टर संगणकांतही अशा तपासणीची सोय होती.

एकात्मित मंडलांच्या काळात या पद्धतीचा भर देखभालीपेक्षा अभिकल्पाच्या परीक्षणावर आला. ५ व्होल्ट दाबावरील ७४ मालिकेतील मंडलांना ४·७५ ते ५·२५ व्होल्ट ही मर्यादा ठरविलेली आहे. त्यामुळे ती वापरणाऱ्या फलकाची चाचणी केवळ ५ व्होल्टवर न घेता मर्यादेच्या दोन्ही टोकांस, तसेच कमाल व किमान तापमानांस घेतात. सामान्य परिस्थितीत मिळालेले यश हा विश्वसनीयतेचा पुरावा नव्हे, हे या पद्धतीमागील तत्त्व आजही कायम आहे.