सांगाडा एकाचा, इंजिन दुसऱ्याचं

रेवस-रेड्डी सागरी रस्ता आगरदांड्याला येऊन पाण्यापाशी थांबतो. पुढे राजपुरीची खाडी, पलीकडे दिघी, मधे गाड्या वाहून नेणारी फेरीबोट. ट्रक, जीप आणि मासेमारी नौका जिथे शेजारी दिसतात, तिथे एक गोष्ट चटकन ध्यानात येते. वाहनाचा सांगाडा आणि त्याचं इंजिन यांचं आयुष्य सारखं नसतं. खाऱ्या वाऱ्यात जीपचा पत्रा खालून सडत जातो, पण वेळेवर तेलपाणी झालेलं इंजिन ठणठणीत राहतं. होडीचं उलट. सागवानी नौका डागडुजी करत पिढीभर चालते. इंजिन मात्र तिच्या हयातीत बदलावंच लागतं. जुन्या गाडीत दुसरं इंजिन घालण्याला कुणी जुगाड म्हणून हसतं, कुणी हौस म्हणून कौतुक करतं. मला त्यात चोख हिशेब दिसतो, आणि देशातल्या मोठ्या कारखान्यांनीही तोच हिशेब मांडला होता.

कारखान्यांचंच आधी पाहू. 1957 साली आलेल्या अॅम्बॅसेडरमध्ये पुढे 1489 सीसीचं ब्रिटिश घडणीचं पेट्रोल इंजिन आलं, मग डिझेल, मग इसुझूचं 1800 सीसीचं, पाच गिअरच्या गिअरबॉक्ससह. अंगकाठी जवळपास तीच राहिली. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीने 1985च्या सुमारास 118 एनई काढली. सांगाडा फियाट 124चा, इंजिन निस्सानचं. नावातला ‘एनई’ म्हणजे निस्सान इंजिनच. महिंद्रने तर जीपमध्ये इंटरनॅशनल बी-275 या ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसवलं. प्यूजोचं त्यानंतर आलं. परवान्यांच्या त्या काळात नवी गाडी मुळापासून घडवायची तर साचे, परवानगी, परकीय चलन, सगळ्याचीच टंचाई. जुन्या साच्यावर दुसऱ्याचं इंजिन चढवणं त्यामानाने स्वस्त. गॅरेजातला मिस्त्री याहून वेगळं काही करत नव्हता. त्याच्या हाती तांत्रिक सहकार्याचा करारनामा नव्हता, इतकंच.

त्याला भाग पाडलं ते इंधनाच्या दराने. 1980 आणि 1990च्या दशकांत डिझेल पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास भावाने मिळे, शिवाय लिटरमागे पल्लाही जास्त. वडापची जीप असो की मुंबईची पद्मिनी टॅक्सी, रोज धावणाऱ्या गाडीला अदलाबदलीचा खर्च भरून काढता येई. कोकणात आणखी एक फायदा होता. डिझेलला ठिणगी लागत नाही, त्यामुळे पावसाळी दमटपणात पॉइंट आणि प्लगची कटकट संपे. पण इंजिन चासीत उतरवलं की काम झालं, असं नव्हे. कच्चा मिस्त्री कोण आणि पक्का कोण, हे गिअरबॉक्सपाशी कळे. बेल हाउसिंगची भोकं जुळत नाहीत, म्हणून लेथवर मधली प्लेट काढून घ्यावी लागते. क्रँक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत आले नाहीत तर क्लच आणि बेअरिंग दोन्ही खाल्ली जातात. डिझेलचे फेरे कमी, त्यामुळे जुन्याच क्राउन-पिनियनवर गाडीचा वेग घटतो. म्हणून जाणकार मालक भंगारातून इंजिन आणि गिअरबॉक्सची जोडीच उचलत, प्रोपेलर शाफ्ट कापून लांबी जुळवून घेत आणि वाढलेल्या वजनासाठी पुढच्या पाट्यांत भर घालत.

किनाऱ्याला हे नवं नव्हतंच. स्वातंत्र्यानंतर सरकारी मदतीने नौकांवर इंजिनं चढली, आणि पुढे ट्रकच्या घराण्यातलीच इंजिनं समुद्रात उतरली; अशोक लेलँडची सागरी इंजिनं त्याच कुळातली. फेरफार मात्र मोठे. रेडिएटरची जागा समुद्राच्या पाण्यावर थंड होणारी रचना घेते. ट्रकचे पाच गिअर इथे निरुपयोगी. हवा पुढे, मोकळं आणि मागे नेणारा, पंख्याचे फेरे कमी करणारा गिअरबॉक्स. शिवाय नौकेचं इंजिन म्हणजे तासन्‌तास घाट चढणारा भरलेला ट्रक, उतार कधी येतच नाही. म्हणून अश्वशक्ती हातची राखूनच धरावी लागते. यंत्राचं वेड मात्र सरसकट नव्हतं. राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या होड्या आजही शिडावर जातात. तेवढ्या अंतराला वारा पुरतो.

आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. जेमतेम 40 अश्वशक्तीच्या गाडीसाठी बेतलेल्या ड्रम ब्रेकवर जड इंजिन लादणं धोक्याचं, आणि कारखान्याला करावी लागते तशी चाचणी गॅरेजात होत नाही. कारखान्याशी केलेली माझी तुलना इथे लंगडी पडते, हे मान्य. धुराबद्दल तर वादच नको. मुंबईत प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि टॅक्सी सीएनजीकडे वळल्या. तरी या धंद्याचा मूळ आधार गेला तो बाजारामुळे. ऑक्टोबर 2014मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले, दरातली दरी आणखी आटली आणि पेट्रोल काढून डिझेल घालण्यात फारसा अर्थ उरला नाही. कायदा कडकच आहे. मोटार वाहन अधिनियम 1988च्या कलम 52नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019मध्ये ते ठामपणे सांगितलं. पण याच कलमात किमान दहा व्यावसायिक वाहनांच्या मालकाला, त्याच बनावटीचं आणि प्रकारचं इंजिन पूर्वपरवानगीविना बदलू देण्याची मुभा राज्य सरकारला आहे. एकाच गाडीवर पोट असलेल्याला ती सवलत नाही; हा भेद मला पटत नाही. तो मिटेपर्यंत या किनाऱ्यावर जुनी जीप घेणाऱ्याने आरसी बुकातला इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहावा, आणि जुळत नसेल तर पैसे मोजण्याआधी पेणच्या आरटीओत चौकशी करावी.