तांब्याच्या पत्र्यावरचा स्नेही

चित्रकार एडव्हर्ड मुंक म्हटलं की ‘किंकाळी’ हे चित्र आठवतं. त्याची छापाचित्रं मात्र आपल्याकडे फारशी कुणी पाहत नाही, आणि याची मला मनापासून खंत वाटते. मित्राचा चेहरा तांब्यावर कोरणारा मुंक इथे भेटतो, आणि पुढच्या जर्मन एक्स्प्रेशनिस्टांवर या कामाचा प्रभाव पडला.

मुंकने एचिंगला, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापे काढण्याच्या कलेला, हात घातला तो १८९४ साली, बर्लिनमध्ये. कारण पोटापाण्याचं होतं. रंगचित्र एकदाच विकलं जातं, छापे अनेक निघतात. त्याला विशेष भावला तो ड्रायपॉइंट. यात आम्ल लागत नाही. पोलादी सुई थेट तांब्यात ओढायची. नांगराच्या तासाकडेला माती उचलून यावी तशी रेषेकाठी धातूची कड उठते. त्या कडेत शाई अडते आणि कागदावर रेषा मखमली, किंचित पसरलेली उमटते. छापयंत्राच्या दाबाखाली ही कड लवकर दबते, म्हणून पहिले मोजके छापेच खरे रसरशीत. शिवाय छोटा पत्रा कुठेही नेता येतो, समोरच्या माणसाला बघत बघत त्यावर कोरता येतं.

१९०२चं साल मुंकला वाईट गेलं. प्रेयसीशी झालेल्या भांडणात पिस्तूल उडालं आणि डाव्या हाताच्या बोटात गोळी घुसली. त्याच वर्षी अल्बर्ट कोलमान या चाहत्याने त्याची गाठ ल्यूबेकच्या डॉ. मॅक्स लिंदे यांच्याशी घालून दिली. लिंदे डोळ्यांचे डॉक्टर आणि रोदँच्या शिल्पांचे संग्राहक. त्यांनी मुंकची चित्रं घेतली, त्याच्यावर पुस्तक लिहिलं आणि आपल्या घरादाराची चित्रं काढायला त्याला बोलावलं. त्यातून ‘मॅक्स लिंदे यांच्या घरातून’ हा सोळा छाप्यांचा संच झाला: चौदा एचिंगं आणि दोन शिळाछाप. त्यात घर आहे, बाग आहे, घरची माणसं आहेत आणि खुद्द डॉक्टरही आहेत. पुढच्या वर्षी मुंकने लिंदेंच्या चार मुलांचं तैलचित्र केलं. लहान मुलांची इतकी सच्ची चित्रं मी फार कमी पाहिली आहेत.

मैत्रीची परीक्षाही झाली. मुलांच्या खोलीसाठी मुंकने चित्रमाला केली, तर तिच्यात बागेत बिलगलेली जोडपी! लिंदेंनी ती परत केली, पण मुंकचं दुसरं एक चित्र विकत घेतलं. स्नेह तुटला नाही.

लिंदेंमुळेच हॅम्बर्गचे न्यायाधीश गुस्ताव्ह शीफलर मुंककडे वळले. १९०७ साली त्यांनी मुंकच्या छापाचित्रांची सूची प्रसिद्ध केली. पुढे एक्स्प्रेशनिस्ट चित्रकार किर्शनरच्या छापाचित्रांची सूचीही याच शीफलरनी केली. एक्स्प्रेशनिस्टांची गोष्ट सहसा ड्रेस्डेनपासून, १९०५च्या ‘ब्रुके’ गटापासून सांगतात. त्यांच्या छापाचित्रांची कुळकथा सांगताना मात्र ल्यूबेकच्या या डॉक्टरचं नाव आधी घ्यायला हवं.