शैलीपत्रके, वेब पृष्ठांची

वेब पृष्ठातील मजकूर कोणत्या टंकात, रंगात व मांडणीत दिसावा हे ठरविणाऱ्या नियमसंचास शैलीपत्रक म्हणतात. संगणकाचा पडदा, मुद्रित कागद, मोबाइल फोन इ. साधनांनुसार हे नियम बदलावे लागतात. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या स्क्रिप्ट नामक आज्ञावलींकडे हे काम दीर्घकाळ होते.

होकोन विउम ली यांनी जिनीव्हानजीकच्या सर्न या संस्थेत असताना १९९४ मध्ये सीएसएस शैलीपत्रकांची कल्पना मांडली. पुढे बर्ट बॉस यांचे तिला साहाय्य लाभले. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने सीएसएसची पहिली शिफारस डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. आशय व रूप यांची फारकत हे तिचे मूलतत्त्व होय. मे १९९८ च्या दुसऱ्या शिफारशीत पडदा, मुद्रण, हातातील साधन, ध्वनी इ. माध्यमप्रकार अंतर्भूत झाले. तथापि पडदा किती रुंद आहे, हे पाहून नियम लावण्याची सोय तीत नव्हती.

ही उणीव जावास्क्रिप्टने भरून काढली. ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत तयार केली. प्रारंभी स्क्रिप्ट ब्राउझरचे नाव पाहून योग्य ते शैलीपत्रक जोडीत असे. परंतु आपणांस हलके पृष्ठ मिळू नये म्हणून इंटरनेट एक्सप्लोररसारखे प्रतिस्पर्धीही स्वतःस ‘मोझिला’ म्हणवीत. त्यामुळे नावावरून केलेले अनुमान चुके. नेटस्केपच्या १९९७ मधील चौथ्या आवृत्तीत तर जावास्क्रिप्ट बंद करताच शैलीपत्रकेही निष्प्रभ होत. पुढे खिडकीची रुंदी मोजून शैलीपत्रक बदलण्याची रीत आली. ती अधिक विश्वसनीय होती. मात्र स्क्रिप्ट न चालल्यास वाचकाला अयोग्य मांडणीच पाहावी लागे.

२००७ मध्ये विक्रीस आलेल्या आयफोनने ‘हातातील साधन’ हा प्रकार न मानता पडद्याचेच नियम स्वीकारले. साधनांची नावनिशीवार वर्गवारी अपुरी आहे, हे यावरून स्पष्ट झाले. मे २०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी लवचिक मांडणी, लवचिक चित्रे व माध्यमपृच्छा यांवर आधारलेली प्रतिसादी अभिकल्पाची पद्धती मांडली. रुंदी, उभी-आडवी स्थिती इ. गुण तपासणाऱ्या माध्यमपृच्छांना जून २०१२ मध्ये शिफारशीचा दर्जा मिळाला. परिणामी मांडणीचा निर्णय बव्हंशी शैलीपत्रकातच होऊ लागला. स्क्रिप्टचा उपयोग आता वाचकाने निवडलेली रंगसंगती लक्षात ठेवणे यांसारख्या पूरक कामांपुरता उरला आहे. साधनाचे नाव न विचारता त्याची क्षमता विचारावी, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय. त्यामुळेच पृष्ठ लिहिताना अस्तित्वात नसलेल्या साधनांवरही ते वाचता येते.