कात्सुशिका होकुसाई

कात्सुशिका होकुसाई (इ.स. १७६० – १० मे, इ.स. १८४९) हे एदो काळातील जपानी चित्रकार होते. लाकडी ठशांवरून छापल्या जाणाऱ्या ‘उकियो-ए’ चित्रप्रकारातील ते अग्रगण्य कलावंत होत. त्यांचे ‘कानागावाजवळील प्रचंड लाट’ हे जगप्रसिद्ध चित्र त्यांनी सत्तरी ओलांडताना काढले. आयुष्यभराचा रेखाटनाचा सराव आणि स्वतःच्या कामाविषयीचे असमाधान ही त्यांच्या कारकिर्दीची प्रमुख वैशिष्ट्ये आहेत.

प्रारंभिक जीवन

होकुसाई यांचा जन्म एदो (आताचे टोकियो) येथे झाला. किशोरवयात ते छपाईचे लाकडी ठसे कोरण्यास शिकले. इ.स. १७७८च्या सुमारास त्यांनी कात्सुकावा शुन्शो यांच्या चित्रशाळेत प्रवेश घेतला व काबुकी नटांची चित्रे काढली. गुरूंच्या निधनानंतर ते या चित्रशाळेतून बाहेर पडले. चिनी आणि युरोपीय चित्रपद्धतींचाही त्यांनी अभ्यास केला. आयुष्यात त्यांनी तीसहून अधिक नावे धारण केली. ‘होकुसाई’ हे त्यांपैकीच एक.

रेखाटने

इ.स. १८१२मध्ये त्यांनी चित्रकला शिकविणारे पुस्तक प्रसिद्ध केले. वर्तुळ, चौकोन अशा साध्या आकारांतून प्राणी व माणसे कशी उभी करावीत, हे त्यात दाखविले आहे. इ.स. १८१४पासून ‘होकुसाई मांगा’ हा रेखाटनसंग्रह निघू लागला. त्याच्या १५ खंडांत कुस्तीगीर, कारागीर, पक्षी, मासे, झाडे, भुते आदींची सुमारे ४,००० रेखाटने आहेत. अखेरचा खंड त्यांच्या मृत्यूनंतर, इ.स. १८७८मध्ये प्रकाशित झाला. नवशिक्यांना गिरविण्यासाठी नमुने मिळावेत, हा या संग्रहाचा मूळ हेतू होता.

उत्तरायुष्य

इ.स. १८२०च्या दशकाच्या अखेरीस आजारपण, पत्नीचे निधन आणि नातवाच्या वर्तनामुळे ओढवलेली आर्थिक अडचण अशी संकटे त्यांच्यावर आली. ‘फुजी पर्वताची छत्तीस दृश्ये’ ही चित्रमालिका त्यानंतरची आहे. मागणीमुळे तिच्यात १० चित्रांची भर पडून एकूण संख्या ४६ झाली. ‘प्रचंड लाट’ याच मालिकेतील आहे.

इ.स. १८३४मध्ये ‘फुजी पर्वताची शंभर दृश्ये’ या ग्रंथाच्या उपसंहारात त्यांनी स्वतःच्या कलेचा आढावा घेतला. सहाव्या वर्षापासून आपण वस्तूंचे आकार रेखाटत आलो, मात्र सत्तरीपूर्वीचे आपले काम दखल घेण्याजोगे नाही, असे त्यांनी नमूद केले. ७३व्या वर्षी प्राण्यांची व वनस्पतींची रचना थोडीफार उमगली आणि ११०व्या वर्षी आपला प्रत्येक बिंदू व रेषा सजीव होईल, अशी आशा त्यांनी व्यक्त केली. त्याखाली त्यांनी ‘चित्रवेडा म्हातारा’ या अर्थाच्या नावाने सही केली.

इ.स. १८३९मध्ये लागलेल्या आगीत त्यांची अनेक रेखाटने नष्ट झाली. तरीही इ.स. १८४२–४३मध्ये अरिष्टनिवारणासाठी रोज सकाळी सिंहाचे एक चित्र काढण्याचा नेम त्यांनी धरला. त्यांपैकी दोनशेहून अधिक चित्रे उपलब्ध आहेत. उतारवयात त्यांची चित्रकार कन्या कात्सुशिका ओई त्यांच्यासोबत राहून काम करीत असे. आणखी काही वर्षे लाभली असती तर आपण खरा चित्रकार झालो असतो, असे उद्गार त्यांनी मृत्युसमयी काढल्याचे चरित्रकार सांगतात.

प्रभाव

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांची चित्रे युरोपात पोहोचली. एदगार देगा, क्लोद मोने, व्हिन्सेंट व्हॅन गॉग आदी चित्रकार त्यांच्या कामाने प्रभावित झाले. त्यांच्या कार्याला वाहिलेले संग्रहालय इ.स. २०१६मध्ये टोकियोच्या सुमिदा भागात सुरू झाले.