‘जॉनी क्वेस्ट’ (१९६४) : एका साहसप्रधान कार्टून मालिकेचे दीर्घायुष्य आणि हाजी या भारतीय पात्राचा प्रश्न

अमेरिकन दूरचित्रवाणीच्या इतिहासात ‘जॉनी क्वेस्ट’ या मालिकेचे स्थान काहीसे चमत्कारिक आहे. हॅना-बार्बेरा या संस्थेची ही कार्टून मालिका १८ सप्टेंबर १९६४ रोजी एबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि अवघे २६ भाग होऊन पुढच्याच वर्षी बंद पडली. तथापि, त्यानंतर अनेक दशके मुले ती पाहत राहिली. हे दीर्घायुष्य तिला कशामुळे लाभले, आणि त्या आकर्षणात भारताची प्रतिमा कोणत्या रूपात रुजली, हे दोन्ही प्रश्न एकत्रच विचारात घ्यावे लागतात.

मूळ योजना ‘जॅक आर्मस्ट्राँग’ या जुन्या रेडिओ मालिकेच्या रूपांतराची होती. ती बारगळल्यावर चित्रकथाकार डग वाइल्डी यांनी नवी पात्रे उभी केली. शास्त्रज्ञ डॉ. बेंटन क्वेस्ट, त्यांचा मुलगा जॉनी, अंगरक्षक रेस बॅनन, बँडिट नावाचा कुत्रा आणि कलकत्त्याचा अनाथ मुलगा हाजी ही ती पात्रे होत. हॅना-बार्बेराची ख्याती तोवर ‘फ्लिंटस्टोन्स’सारख्या विनोदी मालिकांसाठी होती. कमीत कमी रेखाटनांत काम भागविणे, म्हणजे शरीर स्थिर ठेवून केवळ ओठ किंवा हात हलविणे, ही त्यांची काटकसरीची रीत होती. वाइल्डी यांनी या उणिवेचेच साधन केले. वास्तवदर्शी मानवाकृती, गडद काळ्या सावल्या आणि स्थिर चित्रातला ताण या गोष्टी त्यांनी वृत्तपत्रीय साहसकथांतून पडद्यावर आणल्या. ‘रोबो हेर’ हा भाग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यातील यंत्र म्हणजे चार पाय व एक डोळा असलेला काळा गोळा. त्याला चेहरा नाही, वाचा नाही. रेखाटण्यास अत्यंत सोपी असलेली ही आकृती सैन्याच्या माऱ्यालाही दाद देत नाही, आणि म्हणूनच ती भयप्रद ठरते. होयट कर्टिन यांच्या पितळी वाद्यांनी गाजणाऱ्या संगीताचा वाटाही येथे लहान नाही.

याहून महत्त्वाची बाब अशी की, या मालिकेत संकट खरे असते. बंदुकीतून गोळी सुटते आणि खलपात्रे मरतात. मुलांना घाबरविताना त्यांची बुद्धी कमी लेखली जात नाही.

नेमकी हीच गोष्ट पुढे वादाची ठरली. १९६७ पासून सीबीएसवर शनिवारी सकाळी पुनःप्रक्षेपण सुरू झाले. १९६८ साली रॉबर्ट केनेडी यांच्या हत्येनंतर पडद्यावरील हिंसेविरुद्ध जनमत तीव्र झाले. त्याच वर्षी पेगी चॅरेन यांच्या पुढाकाराने मुलांच्या दूरचित्रवाणीसाठी पालकांची चळवळ उभी राहिली. साहसपटांची जागा १९६९ मध्ये ‘स्कूबी-डू’सारख्या निरुपद्रवी रहस्यकथांनी घेतली. नव्याने असे काही निर्माण होणे कठीण झाले, तेव्हा जुन्या २६ भागांचेच मोल वाढले. पुढे एबीसी व एनबीसी या वाहिन्यांनीही ते दाखविले. ज्याला चिरंतन आकर्षण म्हटले जाते त्याचा निम्मा भाग असा टंचाईतून निर्माण झालेला आहे.

भारतीय अभ्यासकाला मात्र हाजीपाशी थांबावेच लागते. तो शूर आहे, जॉनीच्या बरोबरीचा आहे आणि डॉ. क्वेस्ट यांचे प्राण वाचवितो. त्या काळच्या अमेरिकन पडद्यावर गौरेतर मुलाला असे स्थान मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्याची घडण पाहावी! ‘हाजी’ ही हजयात्रा केलेल्या मुसलमानाची उपाधी. डोक्यावर रत्नजडित फेटा. अंगी गारुड्याची विद्या. आणि तोंडी मंत्र ‘सिम सिम सलाबिम’, जो युरोपीय जादूगारांच्या रंगमंचावरचा आहे. धर्म, प्रांत व भाषा यांचा येथे एकच काला झाला आहे. अज्ञान म्हणून ते सोडून देता येत नाही, कारण जॉनीच्या घराण्याविषयी असा निष्काळजीपणा कोठेही आढळत नाही.

१९९१ मध्ये टर्नर समूहाने हॅना-बार्बेराचा संग्रह विकत घेतला. त्याच बळावर १९९२ मध्ये कार्टून नेटवर्क ही वाहिनी उभी राहिली आणि १९९५ साली ती भारतात आली. १९९६ च्या नव्या आवृत्तीत हाजीला संगणकाचे ज्ञान मिळाले, आणि वंशावळही. कलकत्त्याच्या रस्त्यावरचा तो अनाथ मुलगा बंगळूरच्या राजघराण्याचा हरवलेला वारस निघाला. बंगळूर म्हैसूर संस्थानात होते, ही बाब लेखकांना आड आली नाही.